कासव मागे घेताना

ते पत्र आलं तेव्हा अप्पांनी ते दारातच, चपला न काढता वाचलं. मग होती तशी घडी घालून पाकिटात सारलं, "उद्या निवांत उत्तर लिहितो," असं स्वयंपाकघराच्या दिशेने म्हटलं आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकवलं. त्या उद्याला आता वर्ष होत आलं होतं. फ्रिजपाशी गेलं की पत्र दिसायचं, म्हणून अप्पा फ्रिजपाशी जाईनासे झाले. दूध, लोणी, डोळ्यांत घालायचं औषध, जे काही हवं ते काकूंकडे मागू लागले. काकूंना वाटलं, यांचे गुडघे गेले. त्यांनी तेलाची बाटली आणली. अप्पांनी निमूटपणे महिनाभर धडधाकट गुडघ्यांना तेल चोळून घेतलं, पण खरं कारण सांगितलं नाही.

पत्रात भिण्यासारखं काही नव्हतं. अक्षर वळणदार होतं. खाली 'चिटणीस, कॅम्परमालक मंडळ' आणि कंसात 'निवृत्त दंतवैद्य' असं लिहिलेलं होतं. तुमच्या मेहुण्यांची गाडी तुमच्याकडे आली असं कळलं, ते आमचे जुने सभासद, तेव्हा गाडीबरोबर मंडळही तुमच्याकडे यावं, असा साधा मजकूर. मग सभासद व्हायचे फायदे होते. जुन्या गाड्यांचे सुटे भाग एकमेकांत मिळतात, रात्री थांबायच्या जागा कळतात, सरकारी कामात मदत होते, आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर माणूस एकटा पडत नाही. शेवटी लिहिलं होतं, 'तळ्याकाठच्या मेळाव्याला गाडी घेऊन जरूर या.'

त्या शेवटच्या वाक्यापाशी येताच अप्पांनी पत्राची घडी घातली होती. अप्पा निवृत्त ग्रंथपाल. बोलायला बंदी आहे अशी जागा शोधून त्यांनी नोकरी धरली होती आणि तिथेच जन्म काढला होता. मेळावा हा शब्द त्यांना एरवीही सोसत नसे. इथे तर गाडी घेऊन जायचं होतं, म्हणजे गाडी लावायची होती, म्हणजे ती मागे घ्यायची होती. चहाचे कप हातात घेऊन ओळीने बसलेले अनुभवी मालक आणि त्यांच्यासमोर घामाघूम होऊन गाडी मागे घेणारे आपण, हे चित्र अप्पांना इतकं स्पष्ट दिसायचं की त्यातल्या एका मालकाच्या मिशासुद्धा ठरल्या होत्या.

कॅम्पर म्हणजे आपल्या मोटारीच्या मागे हुकाने अडकवून ओढायचं चाकांवरचं घर. दोघांपुरता पलंग, हात धुण्याइतकं बेसिन, एक शेगडी. काकूंचा दादा परदेशी मुलाकडे कायमचा राहायला गेला आणि जाताना हे घर बहिणीच्या दारात सोडून गेला. वरून फुगीर, रंगाने शेवाळी, एका कुशीवर मोठा पोचा. काकूंनी पाहिल्या पाहिल्या त्याला कासव म्हटलं, आणि तेच राहिलं. पुढे न्यायला कासव गरीब होतं. मागे घ्यायला लागलं की त्याच्या अंगात यायचं. मोटारीचं चाक उजवीकडे फिरवलं की ते डावीकडे जायचं, घाबरून डावीकडे फिरवलं की उजवीकडे वळून मोटारीच्या अंगावर यायचं. अप्पांनी या विषयावर मिळतील ती पुस्तकं वाचली. जेवणाच्या टेबलावर काड्याची पेटी पुढे आणि तिला दोऱ्याने बांधलेली चष्म्याची डबी मागे, असा सरावही केला. टेबलावर त्यांचा हात चांगला बसला होता. पण काड्याच्या पेटीत आपण स्वतः बसलेलो नसतो, हा फरक त्यांच्या लक्षात यायचा आणि ते पुन्हा खचायचे.

एवढी भीती होती तर कासव विकून का टाकलं नाही? त्याचं कारण समुद्र.

लग्न झाल्यापासून काकूंना एकदा समुद्रावर जाऊन राहायचं होतं. दर साली त्या विचारायच्या आणि दर साली अप्पांकडे काहीतरी निघायचं. कधी ग्रंथालयातली पुस्तकांची मोजणी, कधी खोकला, कधी हॉटेलात अनोळखी माणसांशेजारी बसून नाश्ता करावा लागेल ही धास्ती. कासव आल्यावर हॉटेलचं कारणही गेलं. आणि या वर्षी, मटार सोलता सोलता, वर न बघता काकू म्हणाल्या,

"अहो, यंदा जाऊ या का?"

"बघू की."

"बघू नका. हो किंवा नाही सांगा. यंदा नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही."

"रागावलीस?"

"छे हो. रागवायचं काय त्यात? विचारायची सवय लागली होती, ती सोडेन म्हणते."

एवढं बोलून त्यांनी पुढची शेंग उचलली. त्या भांडल्या असत्या, भांडं आपटलं असतं, तर अप्पा घाबरले नसते. पण त्या स्वरात राग नव्हता, एखादं जुनं मासिक बंद करावं तसा नुसता निरोप होता. अप्पांच्या मनात लख्ख आलं की हिने एकदा विचारणं सोडलं की उरलेलं आयुष्य या घरात सगळं ठीकच चालेल, आणि ते ठीक चालणं आपल्याला सोसणार नाही. ते घाईघाईने "हो" म्हणाले. मग जाऊन पलंगावर आडवे झाले.

तयारीला गल्लीने हातभार लावला. समोरच्या घरातले गृहस्थ निवृत्त इंजिनियर होते. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते, म्हणून गल्ली त्यांना पूलवाले म्हणे, आणि पुलाखेरीज बाकी सगळ्या विषयांवर ते सल्ला देत. वरच्या मजल्यावरच्या मावशी गच्चीच्या कठड्यावरून बोलत. त्यांच्या ओळखीत कॅम्पर घेऊन गेलेली सगळी माणसं दरीत पडलेली होती.

"निघायच्या आधी आत एकदा राहून बघा," पूलवाले म्हणाले. "एक दुपार. चहा करा, पडा जरा. उणिवा कळतात."

"उतारावर उभं आहे ना पण ते," अप्पा म्हणाले.

"हा उतार? अहो, याला इंजिनियर लोक सपाट म्हणतात. चाकाखाली काहीतरी सारा म्हणजे झालं."

दगड शोधायला अप्पा गेले, पण गल्लीत दगड उरला नव्हता. मग त्यांनी घरातून शब्दकोशाचे जाड खंड आणले, प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि चाकांखाली सरकवले. ग्रंथपालाच्या हातून पुस्तकाचा असा उपयोग व्हावा याचं त्यांना वाईट वाटलं, म्हणून सगळा भार पुस्तकांवर पडू नये यासाठी त्यांनी कासवाचा हँडब्रेकही ओढला. तो कुरकुरला. अप्पांना वाटलं, लागला. मग त्यांनी मोटार हुकातून सोडवून पुढे घेतली. काकू आत चहा टाकायला गेल्या. अप्पा बाहेर उभे राहून, शब्दकोशाचं पान दुमडलं तर नाही ना, हे वाकून बघत होते.

तेवढ्यात शेवटचा खंड हळूच बाहेर आला. त्यामागे दुसरा. आणि कासव निघालं.

ते पळालं असतं तर बरं झालं असतं. ते आपल्या नावाप्रमाणे, मंद, विचार केल्यासारखं निघालं, त्यामुळे अप्पांना सगळं नीट बघता आलं. खिडकीची काच समोरून गेली. काचेत काकू होत्या. हातात कप होता. त्यांनी अप्पांकडे बघितलं, मग अप्पांच्या मागे सरकणाऱ्या घराकडे बघितलं, आणि भिवया वर केल्या. अप्पा हाक मारायला गेले. आवाज निघेना. इतकी वर्षं हळू बोलायची शिस्त पाळल्यावर नेमक्या वेळी घसा उघडत नाही. ते नुसते हात पसरून कासवाच्या बाजूने चालत राहिले, जणू निरोप द्यायला स्टेशनवर आले आहेत.

"गेली! गेली!" मावशी वरून ओरडल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

पूलवाल्यांच्या कुंड्यांनी कासवाला थांबवलं. गुलाब गेले, काकू राहिल्या. त्या दार उघडून उतरल्या, कप तसाच हातात.

"सांडला नाही," त्या म्हणाल्या. मग अप्पांचा चेहरा बघून त्यांनी तो कप त्यांनाच प्यायला दिला. "बसा जरा. पांढरे पडलात."

त्या दिवसापासून अप्पांनी डोळे मिटले की खिडकीतल्या काकू त्यांच्या समोरून सरकत जायच्या. स्वप्नात कुंड्या नसायच्या.

पूलवाल्यांनी मात्र सल्ला देणं थांबवलं नाही. "कुंड्यांचं राहू द्या," ते मोठ्या मनाने म्हणाले, आणि पुढे रोज एकदा कुंड्यांचं राहू द्या असं म्हणत राहिले.

मग सरकारी काम निघालं. कासव अजून दादाच्या नावावर होतं. परिवहन कार्यालयातल्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने फोटो निरखला. "आत शेगडी आहे? बेसिन आहे? मग हे घर आहे. घरपट्टीवाल्यांकडे जा." घरपट्टीवाल्यांनी विचारलं, "चाकं आहेत? मग घर कसलं?" अप्पा परत पहिल्या खिडकीपाशी आले. कारकुनाने खोल श्वास घेतला.

"इंजिन नाही म्हणजे हा ट्रेलर. ट्रेलर म्हटला की माल लागतो. माल काय वाहता?"

"माल असा काही नाही. मी आणि पत्नी."

"तसं लिहिता येत नाही. घरगुती सामान लिहितो."

"लिहा," अप्पा म्हणाले. आयुष्यात प्रथमच कोणीतरी आपलं अचूक वर्णन केलं असं त्यांना वाटून गेलं.

"मंडळाचे सभासद नाही वाटतं तुम्ही?" कारकून शिक्का शोधत म्हणाला. "ते मंडळवाले एक कागद देतात, झटक्यात काम होतं. एक बाई येतात त्यांच्या. दात बघतात आमचे, येता-जाता."

अप्पांनी तोंड घट्ट मिटून मान हलवली.

शेवटी निघायचा दिवस उजाडलाच. अप्पांनी रस्ता आधीच ठरवला होता. समुद्राकडे जाणारा सरळ रस्ता तळ्याच्या काठाने जात होता आणि या वर्षीच्या मेळाव्याचे दिवस जवळ आले होते, म्हणून त्यांनी तळ्याला मोठा वळसा घालणारा रस्ता निवडला होता. काकूंच्या मांडीवर नकाशा होता.

"अहो, आपण समुद्राकडे पाठ करून चाललोय."

"या बाजूला वर्दळ कमी."

"वर्दळ कमीच असणार. या बाजूला काही नाहीच."

दोन्ही हातांनी चाक धरून अप्पा आरशात बघत होते. आरशात कासव होतं. तुम्ही कुठेही गेलात तरी तुमच्या मागून तेवढ्याच अंतराने कोणीतरी येत आहे, ही भावना त्यांना लहानपणी अंधाऱ्या जिन्यात यायची. ती आता भर उन्हात येत होती. ट्रक ओलांडून गेला की कासव शहारायचं, आणि त्याचा शहारा हुकातून, सीटमधून अप्पांच्या पाठीत यायचा. हुक निसटला तर? उतारावर निसटला तर ते आपल्या आधी पोचेल की नंतर? पेट्रोलचा काटा खाली येत होता, तोही त्यांना दिसत होता. पण पंपात शिरायचं म्हणजे पंपातून निघायचं. त्यांनी एक पंप सोडला. दुसरा सोडला.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "तो लाल दिवा माझ्यासाठी लागलाय की तुमच्यासाठी?"

तिसऱ्या पंपात शिरण्याशिवाय इलाज राहिला नाही. पंप अरुंद होता. अप्पा शिरले, पेट्रोल भरलं, सुटकेचा श्वास सोडला आणि समोर बघितलं तर बाहेर पडायच्या वाटेवर टँकर आडवा उभा. त्याची जाड नळी जमिनीतल्या टाकीत सोडलेली.

"इकडून बंद आहे," पंपावरचा माणूस म्हणाला. "मागे घ्या."

अप्पांना ते शब्द लांबून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू आले. मागे गाड्यांची रांग होती. ती कुरकुरत बाजूला झाली आणि त्यातली माणसं उतरून बघायला आली. डावीकडे पेट्रोलचा खांब. उजवीकडे दुसरा. पुढे टँकर. आणि कासवाच्या पोटात गॅसची टाकी. एक ठिणगी पुरेल, असं अप्पांनी एका पुस्तकात वाचलं होतं. काकू शेजारी बसल्या होत्या.

"तू उतर," ते म्हणाले.

"का?"

"उतर ना. लांब जाऊन उभी राहा."

काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि उतरल्या. पण लांब गेल्या नाहीत.

अप्पांनी चाक फिरवलं.

"डावीकडे कापा!" एक ट्रकवाला म्हणाला.

"अहो उजवीकडे! उजवीकडे! तुमची उजवी!"

"काका, सरळ ठेवा नुसतं!"

"याला येत नाही, दुसऱ्या कोणाला तरी बसवा."

"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... ओ, थांबा!"

अप्पांनी सगळ्यांचं ऐकलं. तो त्यांचा स्वभावच होता. त्यामुळे कासव आणि मोटार एकमेकांना काटकोनात येऊन उभी राहिली आणि कासवाची पोचा नसलेली कूस खांबापासून बोटभर अंतरावर आली. हॉर्न सुरू झाले. अप्पांचे हात चाकावरून घसरत होते. त्यांच्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती आल्याबरोबर त्यांना आगीपेक्षा जास्त भीती वाटली. इथून कोणीतरी आपल्याला बाहेर काढेल. मग आपण म्हणू, "परत जाऊ या." आणि ती म्हणेल, "बरं."

"ए! सगळ्यांनी पाठ फिरवा!"

आवाज बाईचा होता. अप्पांनी काचेतून पाहिलं. उन्हाची टोपी घातलेली, पांढऱ्या केसांची, ठेंगणी बाई रांगेतून पुढे आली होती. तिच्या मागे रांगेत, एका मोटारीला जोडलेला, पिवळा कॅम्पर उभा होता.

"काय म्हणता बाई?" ट्रकवाला म्हणाला.

"पाठ फिरवा म्हणते. तोंड तिकडे. तुम्हीसुद्धा. तो हॉर्न कोण वाजवतंय? बंद. जगात कोणाचं काम बघत उभं राहिलं की ते बिघडतं. मी दात उपटत असताना चारजण डोकावले असते तर भलताच दात आला असता."

तिच्या स्वरात असं काही होतं की माणसांची तोंडं आधी आपोआप उघडली आणि मग ती मुकाट्याने वळली. ट्रकवाला वळला, पंपावरचा माणूस नळी हातात धरून वळला. बाई अप्पांच्या खिडकीपाशी आली.

"आधी पुढे घेऊन सरळ करा, थोडी जागा आहे. मग चाक वरून धरू नका, खालून धरा. हात जिकडे न्याल तिकडे मागचं घर जाईल. बाकी विसरा."

"पण मागे... मागे कोण बघणार?"

"कोणी नाही. हळू घ्या. आदळलं तर आवाज येतोच."

आणि बाईनेही पाठ फिरवली.

अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळीकडे पाठी होत्या. सदऱ्यांच्या, साडीच्या, घामाने ओल्या झालेल्या शर्टांच्या. त्यांच्या छातीतली धडधड थांबली नाही, पण तिच्याकडे आता दुसरं कोणी बघत नव्हतं. त्यांनी मोटार पुढे घेऊन सरळ केली. हात चाकाच्या खालच्या कडेला नेला. हात डावीकडे नेला, कासव डावीकडे सरकलं. त्यांचा विश्वास बसला नाही. थांबले. उजवीकडे नेला. कासव उजवीकडे गेलं. खांब काचेसमोरून पुढे गेला, मग दुसरा. बराच वेळ लागला. एकदा कशाला तरी लागल्याचा बारीक आवाज आला तेव्हा सगळ्या पाठी एकदम ताठ झाल्या, पण एकही वळली नाही. ती बादली होती.

रस्त्यावर आल्यावर अप्पा मोटारीतून उतरले आणि कासवाच्या पायरीवरच बसले.

"वळू का आता?" बाईने विचारलं. मग ती वळली, कासवाकडे पाहिलं आणि तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई! हा पोचा! हा तर आमच्या तळ्यावरच्या झाडाचा पोचा! म्हणजे तुम्ही..."

"गाडी माझी नाही," अप्पा घाईने म्हणाले. "एका परिचितांची."

"काय बोलताय हो?" काकू पुढे आल्या. "माझ्या दादाची होती. आता आमची आहे."

"मग मी पत्र पाठवलं होतं ना तुम्हाला. मिळालं नाही?"

"पोस्टात हल्ली फार..." अप्पांनी सुरुवात केली.

"मिळालं की," काकू म्हणाल्या. "फ्रिजवर लावलंय. रोज बघते मी."

अप्पांना वाटलं, तो टँकर आता पेटला तरी चालेल. पण डॉक्टरीणबाई हसल्या. "मग बरं झालं. मला वाटलं पत्ता चुकला. आणि तुमच्या या कॅम्परचा हँडब्रेक एकदा ओढून लागत नाही हं. पहिल्यांदा नुसता कुरकुरतो. दोनदा ओढायचा. मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे."

अप्पा आणि काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही कुंड्या दिसल्या.

"हे पाठ फिरवायचं," अप्पांनी चाचरत विचारलं, "हे तुम्ही नेहमी..."

"मंडळाचा पहिला नियम. कोणी गाडी मागे घ्यायला लागला की सगळ्यांनी तोंड फिरवायचं. तुमच्या मेहुण्यांनीच घातलाय तो. झाडावर आदळले त्या दिवशी. आम्ही सगळे चहाचे कप घेऊन बघत बसलो होतो." बाईंनी टोपी सारखी केली. "पुढच्या आठवड्यात मेळावा आहे. परत येताना या. येणार का?"

अप्पा म्हणाले, "उत्तर... पत्राने कळवतो."

"अहो, समोर उभ्या आहेत त्या!" काकू म्हणाल्या.

"असू दे," बाई म्हणाल्या. "पत्राला पत्र. मी वाट बघते. सवय आहे मला."

समुद्रावर पोचायला संध्याकाळ झाली. काकू उतरल्या त्या सरळ पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी हँडब्रेक दोनदा ओढला. खात्री नव्हती म्हणून तिसऱ्यांदाही ओढला. मग कासवाच्या पायरीवर बसून, मांडीवर नकाशा धरून त्यांनी उत्तर लिहिलं. चार मसुदे फाडले. पाचवा असा होता: 'आपलं पत्र मिळालं. उत्तराला विलंब झाला, क्षमस्व. भीती वाटते. तरी येतो. दोघं.'

सकाळी गावात पोस्टाची पेटी शोधायला मोटार घेऊन निघताना, पत्राच्या तंद्रीत, त्यांनी हँडब्रेक सोडला आणि कासव हुकातून सोडवायला मात्र विसरले. काकूंच्याही लक्षात आलं नाही, त्या शेजारी बसून पाण्याकडे बघत होत्या. रस्ता एका बाजूला घरांच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूला बंधारा यांच्यामधून जात होता. लाल पेटी भिंतीला लागून होती. अप्पांना ती दिसली तेव्हा मागे पडली होती. आणि थोडं पुढे गेल्यावर रस्ता संपला. बंधाऱ्याखाली लाटा आपटत होत्या.

अप्पांनी आरशात पाहिलं. कासव होतं.

"अहो, चालत जाऊन टाकून येता का?" काकूंनी विचारलं.

"टाकून आलो तरी गाडी इथेच राहणार."

"हो, तेही खरं."

काकू उतरल्या. कोणी सांगायची वाट त्यांनी बघितली नाही. बंधाऱ्यापाशी गेल्या, कठड्यावर हात टेकले आणि पाठ फिरवून समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

भिंत जवळ होती, पाणी त्याहून जवळ वाटत होतं. अप्पांनी चाक खालून धरलं. कासव सरकलं, थांबलं, जरा तिरकं झालं, पुन्हा सरळ झालं. भिंतीचा थोडा चुना कासवाच्या अंगाला लागला. काकूंची पाठ हलली नाही. वाऱ्याने फक्त पदर उडत होता. अप्पा हळूहळू मागे येत राहिले, आणि एका क्षणी त्यांच्या खिडकीपाशी, अगदी हाताच्या अंतरावर, लाल पेटी येऊन उभी राहिली.

त्यांनी काच खाली केली. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं गेलं आणि अडकलं. त्यांनी बोटाने ढकललं. आत, तळाशी, ते पडल्याचा आवाज आला.

"आवाज आला," काकू समुद्राकडे बघतच म्हणाल्या. "काय आदळलं?"

"पत्र," अप्पा म्हणाले.